शालेय मानसिक आरोग्यसेवेतील समन्वय : जालना औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात

शालेय वयातील मुलांच्या मानसिक आरोग्याची चर्चा बहुधा तज्ज्ञांच्या संख्येपाशी येऊन थांबते. मानसोपचारतज्ज्ञ अपुरे आहेत हे खरेच. परंतु जेथे काही सेवा उपलब्ध आहेत तेथेही मूल त्यांच्यापर्यंत पोचत नाही, किंवा पोचून परत आल्यावर शाळेला त्याचा पत्ता लागत नाही, ह्याचा उलगडा संख्येने होत नाही. हा प्रश्न समन्वयाचा आहे, आणि त्याच्या अभ्यासास जालना औद्योगिक वसाहतीइतके बोलके क्षेत्र मराठवाड्यात क्वचितच सापडेल.

1 मे 1981 रोजी स्वतंत्र जिल्हा झालेले जालना बियाणे आणि पोलाद ह्या दोन उद्योगांसाठी प्रसिद्ध आहे. भंगार वितळवून बांधकामाच्या सळया ओढणाऱ्या येथील गिरण्यांत भोवतालच्या तालुक्यांतील मजुरांबरोबर बिहार व उत्तर प्रदेशातून आलेले कामगारही आहेत. दुसरीकडे जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. एकाच जिल्ह्यात असे येणे आणि जाणे दोन्ही चालू असल्यामुळे शाळेच्या हजेरीपटावरील मूल वर्षभर तेथेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

सेवांची विभागणी पाहिली म्हणजे अडचण स्पष्ट होते. 1996 साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे केंद्र जिल्हा रुग्णालयात असते. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीस येते. विनाअनुदानित शाळेतील मूल त्याच्या कक्षेबाहेर राहते. 2020 पासूनच्या शालेय आरोग्य योजनेनुसार प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यावयाचे असते. भावनिक स्वास्थ्य हा त्यातील एक विषय आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2015 साली ज्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आला त्यांत जालनाही होता, आणि त्यात आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे विचारीत असे. म्हणजे घराची माहिती आरोग्यखात्याकडे आणि वर्गाची माहिती शिक्षणखात्याकडे. बाप शेती सोडून गिरणीत गेला की ते कुटुंब ‘शेतकरी’ ह्या सदरातूनही निसटण्याचा संभव असतो.

आठवीतील एक मुलगा वर्गात रोज झोपतो, चिडतो, गृहपाठ करीत नाही, असे समजा. शिक्षकाच्या मते तो आळशी. वार्षिक तपासणीच्या काही मिनिटांत त्याच्यावर ‘लक्ष लागत नाही’ असा शेरा पडणे शक्य आहे. बाप भट्टीवर रात्रपाळी करतो, पहाटे घरी येतो, खोली एकच आणि ती पत्र्याची, ही गोष्ट ह्या दोघांपैकी कोणाच्याच नोंदीत नाही. वास्तविक जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पुढील विस्तारात शालेय जीवनकौशल्ये आणि कामाच्या ठिकाणचा ताण हे दोन्ही विषय अंतर्भूत झालेले आहेत. परंतु कारखान्यातील बाप व शाळेतील मुलगा ही दोन निरनिराळ्या शीर्षकांखालची कामे राहिली, तर कारण एकीकडे आणि लक्षण दुसरीकडे नोंदले जाईल.

ह्या तुटीचे ज्ञान नवे नाही. 1909 साली शिकागो येथे विल्यम हीली ह्यांनी बालगुन्हेगारांच्या अभ्यासासाठी जी संस्था उभारली, तिच्यातून बालमार्गदर्शनाची चळवळ वाढली. भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र 1937 साली मुंबईत, सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाच्या आश्रयाने निघाले. अशा केंद्राच्या पद्धतीत मानसोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ ह्यांच्याबरोबरीने समाजकार्यकर्त्याला स्थान होते, कारण घर, शाळा आणि केंद्र ह्यांच्यामध्ये ये-जा करणारी व्यक्ती तीच. आजच्या योजनांत तज्ज्ञ आहे, प्रशिक्षित शिक्षक आहे. मात्र ही मधली व्यक्ती दुर्लक्षित राहिली आहे.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, असे ठरले. लहान शाळांच्या दृष्टीने ह्यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होय. चिठ्ठी देऊन मूल जिल्हा रुग्णालयात पाठविणे एवढ्याने संबंध जुळत नाही. चिठ्ठी पोचली का, पुढील भेट केव्हा, वर्गात कोणती काळजी घ्यावयाची, एवढे तीन मुद्दे शाळेकडे परत आले पाहिजेत. हे प्रतिवृत्त स्वीकारणारा शिक्षक ठरलेला असावा, आणि त्याची बदली झाल्यास त्याची जागा कोणी घ्यावयाची हेही ठरलेले असावे.

निदान मात्र शाळेकडे येण्याचे कारण नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत निर्णयाचा अधिकार सामान्यतः पालकाकडे राहतो. अपवाद लैंगिक अत्याचाराचा : 2012 च्या बालसंरक्षण कायद्यानुसार अशी माहिती कळविणे बंधनकारक आहे, तेथे गुप्ततेची सबब चालत नाही. ह्या दोन नियमांतील सीमा शिक्षकाला आधीच समजावून दिली नाही, तर तो एक तर सर्व काही शिक्षककक्षात बोलून टाकील किंवा बोलावयाचे तेही दडपील.

मूल गाव सोडते त्या वेळी ही व्यवस्था खऱ्या कसोटीस लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘मानसोपचार चालू’ असे लिहिणे म्हणजे नव्या गावात त्याच्यावर आधीच शिक्का मारणे. त्यापेक्षा पालकाच्या संमतीने रुग्णालयाकडून रुग्णालयाकडे कागद जावा, आणि उपचार कोठे चालू ठेवावयाचे ते पालकाला त्याच्या भाषेत सांगितले जावे. ती भाषा भोजपुरी असू शकते, हे जालन्याच्या रुग्णालयाने ध्यानी घ्यावयास हवे.