पाच चुलींच्या समोर

लखनौच्या आलमबाग शाखेत बदली होऊन आलो, तेव्हा सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना इथली सपाटी सोसवेना. मात्र ९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तराखंड वेगळे होईपर्यंत कुमाऊंच्या हिमशिखरांचा कारभार याच लखनौहून चालत असे! जोडून सुट्ट्या मिळताच रात्रीच्या गाडीने काठगोदाम गाठले. पुढे अल्मोडा, बागेश्वर करीत सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा घाटरस्ता मुनस्यारीला पोहोचतो. अंग खिळखिळे होते. पण पहाटे खिडकी उघडली आणि समोर पंचचुली उभी!

पाच शिखरे, त्यांतील सर्वोच्च ६९०४ मीटरचे. स्वर्गारोहणापूर्वी पांडवांनी येथे अखेरचा स्वयंपाक केला, अशी श्रद्धा आहे. 'चुली' शब्दाचा अर्थ मराठी माणसाला कुणी सांगावा लागत नाही.

माझ्यातील बँक अधिकाऱ्याला मात्र शिखरांपेक्षा त्यांच्यामधील वाटांनी अधिक खिळवले. येथील जोहार खोऱ्यातले शौका व्यापारी दर उन्हाळ्यात उंटाधुरा खिंड ओलांडून तिबेटात जात. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर धान्य, कापड, गूळ जाई. मीठ, लोकर आणि टाकणखार येई. प्रत्येक घराण्याचा तिकडे ठरलेला 'मित्र' असे आणि हे नाते पिढीजात चाले. आपल्याकडे खातेदाराची इतकी निष्ठा क्वचितच आढळते! १९६२ च्या युद्धाने ही वाट बंद झाली. मिलमसारखी गजबजलेली गावे ओस पडली.

याच मिलमचे पंडित नैनसिंह रावत. १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ घेऊन, दर शंभर पावलांना एक मणी ओढत त्यांनी तिबेट मोजला; १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. शेरसिंह पांगती या निवृत्त शिक्षकांनी २००० मध्ये मुनस्यारीत उभारलेले छोटेखानी संग्रहालय हा सारा काळ जपून आहे. ते पाहिल्याविना परतू नये.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश निरभ्र असते. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा जाणे टाळावे. बाजारात शौका स्त्रियांनी विणलेले 'थुलमा' हे जाड लोकरी पांघरूण मिळते. मीही एक घेतले. आलमबागेत ते उपयोगी पडते डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात. उरलेले दहा महिने पेटीत असते.