सामाईक विहिरीवरची वेबसाइट

घरचा हापूस, गूळ, हळद किंवा बेदाणा थेट गिऱ्हाइकाला विकावा म्हणून अलीकडे पुष्कळ शेतकरी कुटुंबे आणि बचत गट स्वतःची वेबसाइट काढतात. मुलगा किंवा सून ती करवून घेते आणि दरसाल होस्टिंगचे बिल येते. हे पैसे नेमके कशाचे, ते मात्र घरात सहसा कोणी विचारीत नाही. तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, आज तेवढे समजून घेऊ.

वेबसाइट म्हणजे शेवटी मजकूर आणि फोटोच. ते ज्या संगणकात ठेवतात तो रात्रंदिवस चालू लागतो. त्याला सर्व्हर म्हणतात. अख्खा सर्व्हर एकट्याला परवडत नाही, म्हणून एकावरच शेकडो वेबसाइट्स ठेवतात. हेच शेअर्ड होस्टिंग. आपली सामाईक विहीर डोळ्यांपुढे आणा. हिस्सा प्रत्येकाचा, पण पाणी एकच. इंटरनेटवरचा पत्तासुद्धा बहुधा एकच असतो; ब्राउझर येतानाच कोणाकडे जायचे ते नाव सांगतो आणि सर्व्हर त्याचे पान काढून देतो. १९९७ च्या एचटीटीपी नियमांत हे नाव सांगणे सक्तीचे झाले.

आता विहिरीवरचे तंटे. शेजाऱ्याने रात्रभर मोटार चालवली की आपल्या पाळीला पाणी तळाला गेलेले असते. तसेच शेजारच्या वेबसाइटवर गर्दी उसळली, की आपले पान रखडत उघडते. म्हणून कंपन्या प्रत्येकाला प्रोसेसरची आणि मेमरीची मर्यादा घालतात. जाहिरातीत ‘अमर्यादित’ असे ठळक छापलेले असले, तरी बारीक अक्षरांत बहुधा फाइलींची संख्या बांधलेली असते. ती अक्षरे आधी वाचा. शेजाऱ्याने फसव्या ईमेल धाडल्या, तर त्याच पत्त्यावरून जाणारी आपली ईमेलही स्पॅममध्ये पडू शकते.

तरीही चार-पाच पाने, वीसेक फोटो आणि हंगामी गिऱ्हाईक एवढाच पसारा असेल, तर हे पुरते. महागडा स्वतंत्र सर्व्हर गळ्यात मारणाऱ्याचे लगेच ऐकू नका. आणि पहिल्या वर्षाच्या दराला भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, ही होस्टिंगपेक्षा वेगळी बाब आहे. ते आपल्याच नावावर, आपल्याच ईमेलवर नोंदवा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर राहिले, तर दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर पेरणी केल्यासारखे होईल.

राहिली प्रत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरच्या इमारतीला आग लागली. लाखो वेबसाइट्स बंद पडल्या, आणि ज्यांची प्रत दुसरीकडे नव्हती त्यांपैकी कित्येकांचा मजकूर कायमचा गेला. कंपनी प्रत ठेवते म्हणून स्वस्थ राहू नका. होस्टिंगच्या पानावर बहुधा ‘बॅकअप’ असे बटण असते. महिन्यातून एकदा तिथून प्रत उतरवून घरच्या पेनड्राइव्हवर ठेवा. गिऱ्हाइकांची यादी आणि मागणीचा हिशेब त्यात असेल तर आठवड्याला, आणि आंब्याच्या हंगामात रोज घेतली तरी बिघडत नाही.