मराठी नाव नसलेला सण: शावुओत

घणसोली स्टेशनवरून एका बाजूची लोकल ठाण्याला जाते, दुसऱ्या बाजूची पनवेलला. तळवलीतले आपण रोज यातली एक पकडतो. दोन्ही टोकांना सिनेगॉग आहे, हे माहीत होतं? पनवेलचं बेथ एल १८४९ चं, ठाण्याचं शार हशमाइम १८७९ चं. दोन्ही बेने इस्राएलांची, म्हणजे पेणकर-रोहेकर अशा आडनावांच्या मराठी ज्यूंची.

शावुओत म्हणजे ‘आठवडे’. वल्हांडणाच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ दिवस मोजायचे. पन्नासावा दिवस शावुओत. मुळात हा गव्हाच्या कापणीचा सण. पुढे त्याला दुसरा अर्थ आला: सीनाय पर्वतावर तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, मिळालं तो दिवस. म्हणून रात्रभर वाचन करतात, रूथची गोष्ट वाचतात, दुधाचे पदार्थ खातात. सण येतो मे-जूनमध्ये.

आता गंमत बघा. बेने इस्राएलांच्या जुन्या सणांना अस्सल मराठी नावं आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या इतिहासामुळे ही यादी टिकली. तिच्यात शावुओत नाही! हनुक्काही नाही, पण त्याचं कारण देतात की पूर्वज त्याआधीच निघाले होते. शावुओतला हे कारण लागू पडत नाही; तो थेट तोरातच सांगितलाय.

माझा अंदाज असा. जे सण टिकले त्यात घरी करायचं काहीतरी होतं: दार लावून उपास, बिरडं शिजवणं, वल्हांडणाला आंबट आमटीचं मडकं झाकून ठेवणं. शावुओतला काय करणार? कोकणात गव्हाची कापणी नाही, उलट मृगाच्या पेरणीची घाई. दुधाच्या पदार्थांची चाल मध्ययुगातली. आणि उरला ग्रंथाचा अर्थ, तर ग्रंथच जवळ नव्हता. तोंडपाठ राहिला होता फक्त ‘शेमा’. पुढे मुंबईत १७९६ ला पहिलं सिनेगॉग झालं, कोचीनहून शिक्षक आले, १८४६ मध्ये वल्हांडणाची पोथी मराठीतून छापली गेली. ग्रंथ परतला, तसा शावुओतही.

अर्थात यादी आठवणींवरून केलेली, त्यामुळे हा पुरावा कच्चाच. पण माझ्या बाजूने एक गोष्ट आहे. खिरीच्या सणाला नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करायचे, आणि तो येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, कोकणात भात तयार होतं तेव्हा.