हायब्रिड टॅक्सी : बचत आणि हप्ता

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूरचे रस्ते रुंद आणि आखीव आहेत. तरीही जोहरी बाजारातून हवामहलाकडे जाताना टॅक्सीला गर्दीत वारंवार थांबावे लागते. साध्या मोटारीचे इंजिन तेव्हा उभ्या जागी इंधन जाळत राहते. हायब्रिड मोटारीचे इंजिन मात्र थांबल्यावर बहुधा बंद होते, आणि ब्रेक लावताना वाया जाणारी काही ऊर्जा बॅटरीत साठविली जाते.

दिल्लीच्या महामार्गावर सलग धावताना हा लाभ घटतो. शिवाय मोटारीची किंमत अधिक, म्हणून कर्जाचा हप्ताही मोठा. तेव्हा शहरातील व शहराबाहेरील फेऱ्यांचा हिशेब चालकाने आधी मांडावा. इंधनाची मासिक बचत वाढीव हप्त्याहून अधिक भरली, तरच हा व्यवहार किफायतशीर ठरेल.