कारखाने गेले, माणसं आली

सोळा वर्षांनी आपल्याला कुणीतरी मोजणार आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही. आता 2026 मध्ये घरांची यादी आणि फेब्रुवारी 2027 मध्ये माणसांची मोजणी, असं सरकारने जाहीर केलं आहे. तोवर आमच्या ठाण्यातल्या कोलशेतचं पाणी, कोलशेतच्या बस आणि कोलशेतचे दवाखाने 2011 च्या आकड्यांवरच चालायचे. जानेवारी 2026 ची महापालिका निवडणूकसुद्धा 2011 च्या लोकसंख्येवर आखलेल्या प्रभागांत झाली. ज्या इमारतींचा तेव्हा पायाही खणला नव्हता, तिथली हजारो माणसं मतदानाला उभी राहिली, पण प्रभाग आखणाऱ्यांच्या कागदावर ती जन्मलेलीच नव्हती. हे मला फार लागलं, म्हणून हा मागोवा.

जुनं थोडक्यात सांगतो. 1853 साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. तिथपासून पुढची सव्वाशे वर्षं ठाणे हे तलावांचं, बेताचं गाव राहिलं. 1 ऑक्टोबर 1982 ला आजूबाजूची गावं जोडून महापालिका झाली. कोलशेत, बाळकुम, ढोकाळी, माजिवडे, कासारवडवली ही आगरी-कोळी वस्तीची गावं कागदावर शहरात आली. प्रत्यक्षात इथे भाताची खाचरं, खाडीतली मासेमारी आणि गावठाणातली कौलारू घरंच होती. वायुसेनेचं केंद्र होतं. आणि कारखाने होते.

कारखान्यांविषयी मात्र सावकाश बोलायला हवं. कोलशेत रस्त्यावर सँडोझ ही रसायनांची कंपनी होती, तिची पुढे क्लॅरियंट झाली. बायर होती. शेजारी बाळकुमला कलर-केम. पोखरण रस्त्याला व्होल्टास आणि रेमंड, पलीकडे वागळे इस्टेट. मी नव्वदच्या दशकात ढोकाळीला राहायला आलो, तेव्हा या भागाचा दिवस पाळीच्या वेळांनी ठरायचा. पहिल्या पाळीची माणसं सकाळी चालत किंवा सायकलने जायची. गावठाणातल्या खोल्यांतून कामगार भाड्याने राहायचे आणि गावातल्या बायका त्यांना डबे द्यायच्या. संध्याकाळी नाक्यावर भाजी, मासळी, वडापाव, सगळ्यांचा धंदा व्हायचा तो कारखाना सुटल्यावर. हवेला रसायनांचा वास असायचा, तो मी विसरलेलो नाही. पण बाप दुपारच्या जेवणाला घरी येतो, हे इथल्या मुलांनी पाहिलेलं होतं.

माझ्या लेखी या भागाचा खरा निकाल लागला तो 2004 ते 2014 या दहा वर्षांत. त्याआधी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर महापालिका आयुक्त असताना रस्ते रुंद झाले, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण रस्ता रुंद झाला की जमिनीचा भाव चढतो, आणि भाव चढला की कारखान्याच्या मालकाला उत्पादनापेक्षा आवार मोलाचं वाटू लागतं. आधी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली. शेजारपाजारची चाळिशीतली माणसं एकरकमी पैसे घेऊन घरी बसली. कुणी रिक्षा घेतली, कुणी झेरॉक्सचं दुकान टाकलं. मग नोव्हेंबर 2007 मध्ये राज्याने नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द केला. 1976 च्या या कायद्यात अनेक उद्योगांना कलम 20 खाली सूट होती, पण ती उद्योगासाठी होती. कायदा गेला तरी त्या सुटीच्या अटी पूर्ण सुटल्या नाहीत, पण मोठ्या जमिनी विकण्याची वाट मोकळी होत गेली. घरं स्वस्त होतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. कोलशेत रस्त्यावर घर घ्यायला गेलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, घर स्वस्त झालं का ते.

बायरची जागा कल्पतरूने घेतली आणि क्लॅरियंटची लोढांकडे गेली. दोन्ही व्यवहार हजार कोटींच्या वरचे होते. वर्तमानपत्रांनी ते आकडे मोठ्या अक्षरांत छापले. त्या आवारांत किती माणसांना काम होतं आणि ती पुढे कुठे गेली, याची बातमी माझ्या वाचनात कधी आली नाही. आज सँडोझबाग हे नाव तेवढं उरलं आहे, आणि तिथे उतरणाऱ्या नव्या माणसाला सँडोझ काय होती ते सांगावं लागतं.

त्याच दशकातले जनगणनेचे आकडे पाहा. 2001 ला ठाणे शहर 12 लाख 62 हजारांचं होतं, 2011 ला 18 लाख 41 हजारांचं. जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला आणि देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. राज्याची वाढ 16 टक्के, जिल्ह्याची 36 टक्के. आणि याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली. गिरण्या मोडल्या, चाळी पडल्या, तिथला माणूस उठून इकडे आला. काम मात्र बरंचसं तिकडेच राहिलं. मग 2014 च्या 1 ऑगस्टला पालघर वेगळा केला आणि जिल्ह्याची गर्दी कागदावर कमी झाली.

कल्याण-डोंबिवलीच्या बाबतीत तर कागदाने सरळ फसवलं. तिथे त्या दशकात 11 लाख 93 हजारांचे 12 लाख 47 हजारच झाले. वाचणाऱ्याला वाटावं, वाढ थांबली. वाढ कसली थांबते! 2002 मध्ये 27 गावं महापालिकेतून बाहेर काढली आणि इमारती त्याच गावांत उठल्या. 2015 मध्ये गावं परत आत घेतली, तोवर बांधकामं होऊन गेली होती. पुढे डोंबिवलीतल्या 65 इमारतींना खोट्या कागदपत्रांवर रेराची नोंदणी मिळाल्याचं उघड झालं आणि उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबांच्या डोक्यावर ती टांगती तलवार आली. तिथल्या एमआयडीसीचं तर उलटंच झालं. कारखाने आधीचे, घरं मागाहून त्यांच्या भिंतींना येऊन भिडली. 26 मे 2016 ला प्रोबेस कारखान्यात स्फोट झाला, 23 मे 2024 ला अमुदान कारखान्यात. दोन्ही वेळा माणसं मेली. दोन्ही वेळा मागणी झाली ती कारखाने हलवा अशी. मधला मोकळा पट्टा कुणी बांधू दिला, हे विचारणारे थोडे निघाले.

धूर, सांडपाणी आणि स्फोट यांना कंटाळून लोक म्हणतात, कारखाने गेले ते बरंच झालं. त्यांचं दुखणं मला समजतं. उल्हास नदीने अंबरनाथ-बदलापूरपासूनची घाण वाहून आणली आणि आमच्या खाडीतली मासळी संपवली. कोलशेतच्या कोळ्यांना याचा फार मोठा फटका बसला. पण प्रदूषण थांबवणं वेगळं आणि रोजगार मुळासकट काढून टाकणं वेगळं. वागळे इस्टेटमध्ये आज संगणकावरची कामं चालतात, हिरानंदानी इस्टेटमध्ये टीसीएसचं मोठं कार्यालय आहे. म्हणजे स्वच्छ काम इथे येऊ शकत होतं. कोलशेत रस्त्यावरच्या शेकडो एकरांत ते आणण्याची अट घालता आली असती. तशी अट घातली गेली नाही, आणि याला मी नियोजनाचा गुन्हा म्हणतो.

परिणाम रोज सकाळी दिसतो. जिथे माणसं कामाला यायची, तिथून आता सगळी माणसं कामाला बाहेर पडतात. तोच कापूरबावडीचा पूल, तोच माजिवड्याचा नाका, तेच ठाणे स्टेशन. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलमधून माणसं खाली पडली आणि जिवाला मुकली. त्या कसारा आणि कर्जत मार्गांवरच्या गाड्या होत्या. घरासाठी जितकं लांब जावं लागतं, तितकं दाराशी लटकावं लागतं. आता मेट्रो 4 येईल, कासारवडवलीहून वडाळ्यापर्यंत. ती हवीच आहे. पण तीही आम्हाला मुंबईलाच पोचवणार. बाळकुम ते गायमुख खाडीकाठाने रस्ता होतो आहे, त्याने गाड्या वेगात जातील आणि कांदळवनाला झळ बसेल.

पाण्याचं काय सांगावं! ठाण्याचं स्वतःचं धरण नाही. भातसा नदी, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून येईल त्या पाण्यावर शहर जगतं. 2017 मध्ये पाण्याच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाला घोडबंदर भागातल्या नव्या बांधकामांना लगाम घालावा लागला. पुढे तो सैल झाला आणि टॉवर चढतच राहिले. तिकडे ज्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, त्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. आमच्या सोसायट्यांनाही टँकर लागतात, फक्त आमच्या खिशात त्याचे पैसे असतात.

एक गोष्ट चांगली झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये कोलशेतला वीस एकरांचं सेंट्रल पार्क उघडलं. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि गावठाणातली पोरं एकत्र दिसतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र त्या बागेतल्या तरुणांना विचारलं की नोकरी कुठे, तर उत्तर येतं पवई, बीकेसी, अंधेरी.

2011 च्या जनगणनेत घरापासून कामाची जागा किती लांब आणि तिथे कशाने जाता, हे विचारलं होतं. या वेळी तो प्रश्न आला, तर घाईत उत्तर देऊ नका. किलोमीटर नीट सांगा, बदलाव्या लागणाऱ्या गाड्या सांगा. ठाण्याचा नवा विकास आराखडा 2024 मध्ये प्रारूप म्हणून आला आहे. आपल्या नव्या नगरसेवकाला गाठा आणि कोलशेत, बाळकुम, घोडबंदरला उरलेल्या मोठ्या आवारांपैकी निदान काही जमीन रोजगारासाठी राखून ठेवायला त्याला भाग पाडा. आणखी दहा वर्षं थांबलो, तर राखायला आवारच उरणार नाही.