सरोवराकाठची वाइन

द्राक्ष म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नाशिकचे ऊन येते. परंतु अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्स भागात, बर्फाळ हिवाळा सोसूनही, उत्तम वाइनची द्राक्षे पिकतात. हिमनद्यांनी कोरलेली, हाताच्या बोटांसारखी लांबट अशी अकरा सरोवरे येथे आहेत. त्यांपैकी क्यूका सरोवराच्या काठी, हॅमंड्सपोर्टजवळ, फ्रँक कुटुंबाचा द्राक्षमळा आहे.

या भागात एकोणिसाव्या शतकापासून वाइन होत असे. पण ती मुख्यतः स्थानिक अमेरिकी आणि संकरित वाणांची. रीसलिंग, शार्डने यांसारखे युरोपीय 'व्हिनिफेरा' प्रजातीचे वाण येथील थंडीत तग धरणार नाहीत, असा तज्ज्ञांचा ठाम समज होता. मूळचे ओडेसाचे द्राक्षतज्ज्ञ डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक १९५१ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि त्यांना इंग्रजी येत नव्हते. जिनिव्हा येथील कृषी संशोधन केंद्रात त्यांना मजुरीचे काम मिळाले. युक्रेनच्या थंडीत हे वाण जगतात, तर येथे का नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. 'गोल्ड सील' वायनरीचे शार्ल फूर्निए यांनी तो गांभीर्याने घेतला आणि प्रयोगांसाठी त्यांना आपल्याकडे बोलावले.

फ्रँक यांचे उत्तर होते खुंट. थंड हवामानातील काटक वेलींच्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम केले, तर वेलीचे लाकूड हिवाळ्यापूर्वीच पक्के होते आणि गोठण्याचा धोका घटतो. मुळांतील रस शोषणाऱ्या फायलोक्झेरा किडीलाही असा खुंट दाद देत नाही. फेब्रुवारी १९५७ मध्ये पारा शून्याखाली तीस अंशांच्या आसपास घसरला. काही स्थानिक वेलीही गारठल्या. फ्रँक यांची कलमे मात्र वाचली. १९६२ मध्ये त्यांनी स्वतःची वायनरी स्थापन केली.

दुसरा आधार सरोवराचा. पन्नास मीटरहून खोल असलेले हे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. शरद ऋतूत ते काठाला ऊब देते, त्यामुळे घड पिकण्यास अवधी मिळतो. वसंतात ते काठ थंड ठेवते, म्हणून डोळे उशिरा फुटतात आणि उशिराच्या दहिवरातून बचावतात. उतारावरील जड, थंड हवा खाली ओघळून जाते, हा आणखी एक लाभ.

फ्रँक यांचे १९८५ मध्ये निधन झाले. पुत्र विली यांनी शॅम्पेन पद्धतीच्या फेसाळ वाइनची जोड दिली. नातू फ्रेड यांनी १९९३ मध्ये सूत्रे घेतली. आता चौथी पिढीही कामात आहे. तरीही निश्चिंती नाही. मे २०२३ मधील अवेळीच्या कडाक्याने या भागातील अनेक बागांचे कोवळे कोंब करपले. हिवाळ्यातील थंडीतून कलमाचा सांधा वाचावा यासाठी तेथे हिवाळ्यापूर्वी बुंध्याभोवती माती चढवतात.

नाशिकच्या बागायतदारांना खुंटाचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. तेथे शत्रू थंडी, येथे पाण्याची टंचाई आणि क्षारयुक्त जमीन. त्यासाठी आपल्याकडे 'डॉगरीज' खुंट रुळला. संकट वेगळे असले तरी उपाय मातीखालीच शोधावा लागला.