आईची रंगओळख

माझी आई एका मोठ्या रुग्णालयात सफाईचे काम करते. तेथे तिला सारे 'मावशी' म्हणतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईला अक्षरओळख नाही. पण वॉर्डातल्या बादल्यांचे रंग ती मुळाक्षरांसारखे घडाघडा म्हणून दाखवते. ही रंगओळख काय आहे आणि ती का जपावी लागते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

रुग्णालयातील सगळाच कचरा घातक नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार त्यातील सुमारे ८५ टक्के कचरा घरातल्या केरासारखाच असतो; उरलेला १५ टक्के धोक्याचा. परंतु दोन्ही एकत्र झाले की सगळाच धोक्याचा होतो. म्हणून कचरा जेथे निर्माण होतो तेथेच तो वेगळा करावा लागतो. आपल्या देशात यासाठी १९९८ मध्ये नियम झाले व २०१६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले.

पिवळ्या पिशवीत रक्ताने माखलेला कापूस, पट्ट्या, प्लास्टर व शस्त्रक्रियेत काढलेले अवयव जातात. हे बहुतेक जाळले जाते. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे व सुई काढलेल्या सिरिंजा. हे प्लास्टिक वाफेने निर्जंतुक करून त्याचे तुकडे करतात, म्हणजे ते धुऊन पुन्हा कोणी विकू शकत नाही. पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात औषधांच्या काचेच्या बाटल्या.

पिशवी पाऊण भरली की तिचे तोंड बांधायचे. ती हाताने वा पायाने दाबायची नाही, फरफटत न्यायची नाही. गळ्याशी धरून अंगापासून दूर ठेवायची. हा कचरा ४८ तासांहून अधिक काळ साठवू नये, असा नियम आहे.

हे सारे आईला पाठ होते. तरी दोन वर्षांपूर्वी तिला सुई लागली. कोणीतरी घाईत सुई पिवळ्या पिशवीत टाकली होती. आईने बोट पिळून रक्त काढले, हळद दाबली आणि गप्प राहिली. काम कंत्राटी, 'आजारी आहे म्हणून काढून टाकतील,' ही भीती. दुसऱ्या दिवशी तिने सिस्टरना सांगितले, तेव्हा रक्त तपासले गेले, हिपॅटायटिस बीची लस सुरू झाली. पुढच्या तपासण्या सहा महिने चालल्या. त्या सहा महिन्यांत ती आपले ताट-तांब्या वेगळा ठेवी. तसे करण्याची मुळीच गरज नव्हती, हे मला फार उशिरा कळले. सुदैवाने सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या.

सुई लागली तर जागा पिळू नये, तोंडात धरू नये. साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि ताबडतोब कळवावे. एच.आय.व्ही. टाळणारी औषधे शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. म्हणजे आईने भीतीपोटी दवडलेला तो दिवस किती मोलाचा होता! हिपॅटायटिस बीची लस, दरवर्षी प्रशिक्षण व आरोग्यतपासणी ही कामगारांना देणे रुग्णालयावर नियमानेच बंधनकारक आहे. ती मेहेरबानी नव्हे.

मी हे नियम मिळवून एका रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या शिक्षणाचा घरात झालेला हा पहिला उपयोग. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाई, मला पाठच आहे हे. ज्यानं ती सुई टाकली, त्याला वाचून दाखव."

तिचे म्हणणे मला पटले. पिशवी बांधणाऱ्या हाताची सुरक्षितता ती भरणाऱ्या हातावर अवलंबून असते. आपल्यापैकी कोणी उद्या परिचारिका होईल, कोणी डॉक्टरांच्या हाताखाली काम करील, कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसेल. हातातली वस्तू टाकण्यापूर्वी क्षणभर बादलीचा रंग पाहावा, एवढेच मागणे. त्या पिशवीपलीकडे कोणाची तरी आई असते.